पत्ता प्रिन्स्टनचा हवा

नोकरी मॅनहॅटनमध्ये, पहिलं मूल बालवाडीच्या उंबरठ्यावर, दुसऱ्याचा विचार चालू, आणि जर्सी सिटीतल्या फ्लॅटमध्ये स्ट्रोलर उघडला की फ्रिज उघडत नाही. म्हणजे तुमची प्रिन्स्टनची, न्यू जर्सीतल्या त्या विद्यापीठाच्या गावाची, वेळ झाली. घाबरू नका. तुमच्याआधी कित्येक सुशिक्षित जोडप्यांनी हा सगळा विचार एक्सेलमध्ये मांडून ठेवला आहे. ती शीट मागून घ्या. तिच्यात शाळेचं रेटिंग, घराचे चौरस फूट, स्टेशनचं अंतर, इंडियन स्टोअरचं अंतर, असे सगळे रकाने आहेत. ‘संध्याकाळी सातला घरी कोण असेल’ असा रकाना नाही. तुम्हीही घालू नका, बेरीज बिघडते.

गाव बघायला जायचं ते ऑक्टोबरमधल्या शनिवारी. झाडं लाल-पिवळी झालेली असतात, नॅसॉ स्ट्रीटवर आइस्क्रीमच्या रांगेत प्रत्येक जण नोबेल मिळायच्या बेतात असल्यासारखा दिसतो, आणि विद्यापीठाच्या आवारात काळ्याभोर खारी फिरत असतात. नॅसॉ हॉल बघा. १७५६ ची इमारत, १७८३ मध्ये काही महिने देशाचा कारभारच तिथून चालला होता. मग मर्सर स्ट्रीटवरच्या ११२ नंबरच्या घरासमोर फोटो काढा. आइनस्टाइन तिथे राहायचे. घराचं संग्रहालय करू नये अशी त्यांची इच्छा होती, त्यामुळे आत जाता येत नाही. पण आपल्याला आत जायचंच नसतं, फोटो हवा असतो. जाता जाता मुलासाठी विद्यापीठाचा, वाघाचं चित्र असलेला केशरी-काळा टीशर्ट घ्या, एक साइज मोठा. फेब्रुवारीतल्या मंगळवारी संध्याकाळी मात्र चुकूनही फिरकू नका. निर्णय घ्यायला इतकी माहिती लागत नाही.

घर प्रिन्स्टनमध्ये घ्यायचं नसतं, हे आता सांगायला हरकत नाही. प्रिन्स्टनमध्ये घर घेणारे लोक असतात, पण ते एक्सेल शीट करत नाहीत. आपण घ्यायचं ते शेजारच्या वेस्ट विंडसर किंवा प्लेन्सबरोला. टपालखात्याची कृपा अशी, की यातल्या बऱ्याच घरांच्या पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ किंवा निदान ‘प्रिन्स्टन जंक्शन’ येतं. कोथरूडच्या मावशीला कळवायला तेवढं पुरतं. मावशी पुढे सगळ्यांना ‘आमचा मंदार प्रिन्स्टनला असतो’ असं सांगेल. तो तिथे शिकवतो, शिकतो, की रूट वन या हमरस्त्याच्या सिग्नलला उभा असतो, हे ती विचारणार नाही आणि तुम्ही सांगू नका.

वेस्ट विंडसरला स्वतःचा इतिहास नाही असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. १९३८ च्या ऑक्टोबरात एका रेडिओ नाटकात मंगळावरचे लोक पृथ्वीवर उतरले, आणि ऐकणाऱ्यांपैकी काही जण खरंच घाबरले. ते उतरले ती जागा म्हणजे ग्रोव्हर्स मिल, इथलीच. तिथे आता स्मारक आहे. मंगळवासी न्यू यॉर्कवर चालून जाणार होते, पण पहिलं पाऊल टाकलं ते याच शाळा-जिल्ह्यात. पुढे न्यू यॉर्कला रोज जाऊन परत यायचं नव्हतं, हा त्यांचा फायदा.

तुम्हाला यायचं आहे. तेव्हा आता ट्रेन.

रिअल्टर, म्हणजे घरांचे दलाल, सांगतील, ‘तासाभरात मॅनहॅटन.’ ते खोटं बोलत नाहीत. हडसन नदीखालचा बोगदा संपला की मॅनहॅटन लागतंच. त्या बेटावर तुमचं ऑफिस नेमकं कुठे आहे, हा तुमचा घरगुती प्रश्न. घरून स्टेशन, पार्किंग, फलाट, ट्रेन, पेन स्टेशन, मग सबवे, असं दारापासून दारापर्यंत मोजलं तर पावणेदोन-दोन तास होतात, म्हणून मोजायचं नाही. महिन्याचा पास पाचशे डॉलरच्या आसपास. जुलै २०२४ मध्ये भाडं १५ टक्क्यांनी वाढलं आणि त्यानंतर दरवर्षी ३ टक्के वाढेल असं ठरवून टाकलं आहे. तुमच्या आयुष्यात दरवर्षी नक्की वाढणारी निदान एक गोष्ट झाली.

वाटेत हॅकेन्सॅक नदीवर पोर्टल ब्रिज नावाचा पूल आहे, १९१० चा. बोटी जाव्यात म्हणून तो आडवा फिरतो, आणि फिरून परत आला की कधीकधी जागेवर बसत नाही. मग माणसं घण घेऊन येतात आणि त्याला ठोकून बसवतात. अतिशयोक्ती करत नाही, हे वर्तमानपत्रांत वारंवार आलेलं आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहराकडे जाणारी माणसं त्या वेळी डब्यात बसून घरी मेसेज टाइप करत असतात, ‘तुम्ही जेवून घ्या.’ आता शेजारी नवा पूल उभा राहिला आहे, त्यामुळे उशिराला नवं कारण शोधावं लागेल. काळजी नको, नदीखालचा बोगदाही १९१० चाच आहे आणि २०१२ च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं होतं. आणि कारणं अगदीच संपली तर संप आहेच. मे २०२५ मध्ये इंजिनचालक संपावर गेले तेव्हा चार दिवस ट्रेनच नव्हती. त्या आठवड्यात बऱ्याच बाबांना आपल्या मुलांचे मधले दात पडलेले दिसले.

परतीच्या प्रवासासाठी एकच कौशल्य लागतं. पेन स्टेशनात बोर्डासमोर मान वर करून उभं राहायचं आणि फलाटाचा नंबर झळकला की धावायचं. वयाच्या पस्तिशीपर्यंत दादरला पूल चढून आलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. इथे आपण इतरांच्या पुढे आहोत.

प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनहून खुद्द प्रिन्स्टनला जायला एक छोटी ट्रेन आहे, डिंकी. जेमतेम सव्वाचार किलोमीटर, पाच मिनिटांचा प्रवास. तुम्ही तिच्यात कधी बसणार नाही, पण तिच्यावर मत असलं पाहिजे. विद्यापीठाने कलासंकुलासाठी तिचं स्टेशन जेमतेम दीडशे मीटर मागे सरकवलं, तर गावात वर्षानुवर्षं भांडण आणि कोर्टकचेरी झाली. दीडशे मीटर! आणि आपण? आपल्याला जंक्शनच्या पार्किंगच्या परमिटसाठी वर्षानुवर्षं यादीत थांबवायचे, तरी आपण हूं की चूं केलं नाही. या गावात नागरिक कोण आणि रहिवासी कोण, ते एवढ्यावरून कळतं.

तर बाबांची व्यवस्था लागली. आई (किंवा जो कोणी घराजवळ नोकरी करतो तो; बहुधा आईच) ही या संसाराची ड्रायव्हर. पावणेचारला शाळेची बस, सव्वाचारला कुमॉनचा गणिताचा क्लास, साडेपाचला पोहणं, सातला भरतनाट्यम. मधली सगळी वाट रूट वनवरची. या राज्यात हमरस्त्यावरून डावीकडे वळायचं तर आधी उजवीकडे बाहेर पडून गोल फिरून यावं लागतं. मुलाला गणितात पुढे न्यायचं तर आधी बालपणातून बाहेर काढावं लागतं, त्याची सवय इथेच होते. पेट्रोल मात्र स्वतः भरावं लागत नाही. १९४९ पासून राज्याच्या कायद्याने ते दुसऱ्यानेच भरून द्यायचं असतं. त्या दोन-तीन मिनिटांत डोळे मिटून घ्यावेत. दिवसभरात तेवढीच विश्रांती असते.

क्लास कोणते लावायचे, याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घर घेतलं ते याचसाठी. गणित तर आहेच. त्याशिवाय एक वाद्य. इथल्या विद्यापीठात मंजुल भार्गव आहेत. त्यांना २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळालं आणि ते तबलाही उत्तम वाजवतात. यावरून आपण सगळ्यांनी एकाच दिवशी एकच निष्कर्ष काढला आणि तबल्याच्या क्लासला जागा उरली नाही. मग एक असा खेळ हवा जो भारतात फारसे लोक खेळत नाहीत: तलवारबाजी, स्क्वॉश, किंवा नौकानयन. अँड्र्यू कार्नेगींनी १९०६ मध्ये विद्यापीठाच्या मुलांना वल्हवायला अख्खं तळं करून दिलं. आपलं काम, त्या तळ्याकडे बोट दाखवून ‘बघ, तिकडे पोचायचं’ म्हणणं. रविवारी मराठी शाळा. तिथे मुलगा ‘माझे गाव’ या विषयावर पाच ओळी लिहील आणि गाव म्हणून सातारा लिहील, जिथे तो दोनदा गेला आहे. रागावू नका. त्याला जंक्शनबद्दल पाच ओळी सुचल्या असत्या तर त्याने लिहिल्या असत्या.

मुलांवर ताण येतो का? छे. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या शाळांना तसं वाटलं खरं. त्यांनी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं, हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठ नाही असं जाहीर केलं, चौथीतल्या मुलांचा वरच्या गणिताचा वर्गही मोडीत काढायला घेतला. गाव दोन तट पडून भांडलं, देशभर बातम्या झाल्या, आणि आपल्यापैकी बरेच जण कुठल्या तटात होते ते सांगायला नको. परीक्षा नाही म्हणजे आपलं मूल पुढे आहे हे शेजाऱ्याला कळणार कसं? गृहपाठ नसलेल्या रात्री क्लासला जागा मिळते, एवढा मात्र फायदा झाला.

गावाच्या पुण्याईने मुलाला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळेल, असं तोंडाने कोणी म्हणत नाही. आपण सुशिक्षित आहोत. शेकडा चार-पाच अर्जदारांनाच तिथे घेतात हे आपल्याला माहीत आहे. शेजारच्या गल्लीत तीच शाळा, तोच क्लास, तेच वाद्य आणि तसाच निबंध असलेली दहा मुलं आहेत आणि निवड करणाऱ्यांना तीही दिसणार, हेही माहीत आहे. तरी टीशर्ट एक साइज मोठा घेतला होता ना?

खर्चाचं थोडक्यात आटपतो. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सर्वांत जास्त. राज्याची सरासरीच वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात, आणि सरासरी घर तुम्हाला पसंत पडणार नाही. खुद्द प्रिन्स्टनमध्ये विद्यापीठाच्या बऱ्याच इमारतींना कर माफ आहे. काही रहिवासी त्यावरून कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये विद्यापीठाने १ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. त्यातलं तुम्हाला काही मिळालं नसतं. तुम्ही वेस्ट विंडसरला. पत्त्यात प्रिन्स्टन असणं आणि प्रिन्स्टनमध्ये असणं, यातला फरक फक्त अशाच वेळी उघड होतो.

आता तुमचे आईबाबा. ते उन्हाळ्यात येतील, पाच-सहा महिने राहतील, आणि इथे घर घेतल्याचं सार्थक त्यांच्याकडूनच होईल. पहिले पंधरा दिवस ते मागच्या अंगणात मेथी लावतील. हरणं ती खातील. पुढचे पंधरा दिवस आई हरणांवर मराठीत ओरडेल. हरणांना कळत नाही, पण निदान घरात दुपारी मराठी ऐकू येतं. मग बाबांना कोणीतरी कालव्याकाठची वाट दाखवतं. १८३४ चा कालवा, काठाने नावा ओढत न्यायची जुनी वाट, मैलोन्‌मैल सपाट, सावलीतली. ते रोज जातील. तिथे त्यांना एक निवृत्त प्राध्यापक भेटतील, एक चिनी आजोबा भेटतील. तिघांना एकमेकांचं निम्मंच इंग्रजी कळेल आणि तेवढ्यावर त्यांची घट्ट दोस्ती होईल. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड ते काढतील. विद्यापीठातल्या फुकट व्याख्यानाला जाऊन पुढच्या रांगेत बसतील आणि शेवटी प्रश्न विचारतील. डिंकीत बसतील, दोनदा, उगाच. मे महिन्याच्या अखेरीस माजी विद्यार्थी केशरी-काळी जाकिटं घालून मिरवणूक काढतात, ती बघायला रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवतील, आणि एखादा ऐंशीचा म्हातारा त्यांना हात करेल. रात्री सव्वाआठला तुम्ही घरी याल तेव्हा ते तुम्हाला विचारतील, ‘अरे, ते अमुक कॅफे तुला माहीत नाही? इतकी वर्षं इथे राहतोस!’ यावर चिडू नका. आठवड्याला पाच दिवस ते इथे राहतात, तुम्ही इथून जाता. सहा महिने झाले की त्यांना परत जावं लागेल. व्हिसाचे नियम कडक आहेत, पण ते त्यांच्यासाठी. मॉर्गेज तीस वर्षांचं आहे, ते तुमच्यासाठी.

एवढं वाचून मन डळमळत असेल तर आणखी माहिती काढत बसू नका. रविवारी एक ते चार ओपन हाउस आहे. दारात बूट काढा. घर बहुधा आपल्यापैकीच कोणाचं तरी असेल, देवघराची जागा रिकामी करून तिथे रिअल्टरने कुंडी ठेवलेली असेल. मालक का विकताहेत ते विचारायची गरज नाही. धाकटीचं हायस्कूल जूनमध्ये संपलं, शाळेसाठी भरत होते तो टॅक्स आता भरवत नाही, आणि नॉर्थ कॅरोलायनात याच्या निम्म्या पैशात मोठं घर मिळतं. बेसमेंटमध्ये तबला, तलवारबाजीचा मुखवटा आणि ट्रॉफ्यांचे खोके बांधून ठेवलेले दिसतील. हवे असतील तर ते घरासोबत सोडून देतील, मागून बघा. सांगितलेल्या किमतीवर पन्नास हजार चढवा, इन्स्पेक्शन सोडा, आणि बाहेर पडण्याआधी ऑफर पाठवा, कारण तुमच्यामागे बूट काढायला आणखी सहा जोडपी उभी आहेत. फक्त धाकटी कुठे लागली हे विचारू नका. राज्याचं रटगर्स विद्यापीठ म्हणाले, तर तुम्हाला उगाच दहा हजार कमी करावेसे वाटतील.