रंग गेलेली चादर आणि आमच्या नातेवाइकांचे पाच तारे : दुकानाच्या मालकाचे उत्तर

माननीय ग्राहक, सप्रेम नमस्कार.

आपण गूगलवर आमच्या दुकानाला एक तारा देऊन जे लिहिले आहे, ते मी स्वतः दोनदा वाचले आणि रात्री जेवणाच्या वेळी घरातील सर्वांना वाचून दाखवले. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत आपण आमच्याकडून दोन सोलापुरी चादरी आणि सहा टॉवेल नेले, त्यांपैकी लाल चादरीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, सोबत टाकलेले दोन पांढरे शर्ट गुलाबी झाले, फोन केल्यावर 'धुतलेला माल बदलून मिळत नाही' असे उत्तर मिळाले, आणि आम्हाला पाच तारे देणारे सगळे आमचेच नातेवाईक आहेत, 'आडनावे वाचा म्हणजे कळेल', असे आपले म्हणणे आहे.

चादरीबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. आमच्या चादरीचे सूत आधी रंगवतात आणि मग ते मागावर चढते. रंगाईनंतर ते सूत गरम साबणाच्या पाण्यातून पुरेसे धुतले गेले नाही, तर सुताने न धरलेला रंग त्यावर तसाच राहतो आणि पुढे गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो. गडद लाल आणि निळ्या रंगांत तो अधिक दिसतो. आपल्या चादरीच्या सुताची धुलाई कमी पडली असावी. पहिली दोन-तीन धुणी वेगळी आणि थंड पाण्यात करावीत, हे सांगण्याचे काम आमचे होते आणि ते गर्दीत राहून गेले. (मिठाच्या पाण्यात बुडवली की रंग पक्का होतो, असे पुष्कळ जण सांगतात, रंगाई एकदा झाल्यावर मिठाने फारसे काही साधत नाही.) फोनवर बोलली ती माझी सून. तिने नियम सांगितला, तो खरा आहे. पण आधी चादरीचा फोटो मागवायला हवा होता, हे तिलाही मान्य आहे.

मात्र आडनावांबद्दल आपण जे लिहिले, त्याने मला झोप लागली नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे. आमचे पूर्वज तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरात आले आणि आजही आमच्या घरात तेलुगू बोलली जाते. शहराच्या पूर्व भागात एकाच आडनावाची इतकी कुटुंबे आहेत, की त्यांतील अनेकांशी आमची केवळ तोंडओळख आहे आणि काहींशी तर धंद्यात सरळ स्पर्धा आहे. आपण ज्यांना आमचे भाऊबंद समजलात, त्यांपैकी एक गृहस्थ दोन गल्ल्या सोडून स्वतः टॉवेल विकतात. त्यांनी आमच्या चादरीला पाच तारे दिले आहेत, हे मलासुद्धा आपल्यामुळेच समजले.

तरीही आपला आरोप पूर्णपणे खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. धाकट्या मुलाला शेजारी बसवून मी सर्व 212 अभिप्राय एकेक करून पाहिले, तेव्हा त्यांत नऊ जण आमच्या घरचे निघाले : दोन जावई, पुण्याला असलेली भाची, पुतणे, आणि हैदराबादच्या आत्याबाई, ज्यांनी 'खूप छान दुकान' एवढेच लिहिले आहे. हे आम्ही कोणाला सांगून करवून घेतलेले नव्हते. मुलाने दुकान गूगलवर चढवले त्या आठवड्यात घरातल्या समूहावर आनंदाने कळवले आणि लग्नाला आहेर यावा तसे हे तारे आले. परंतु ज्याचा दुकानाशी संबंध आहे, त्याने दुकानाविषयी अभिप्राय लिहू नये असा गूगलचा नियम आहे, हे मुलाने मला आता दाखवले. त्यामुळे नऊपैकी सात जणांनी आपापले अभिप्राय काढून टाकले आहेत. एक पुतणा परगावी आहे, तो आल्यावर काढेल. आत्याबाईंना पासवर्ड आठवत नाही. आमची सरासरी 4.3 होती, ती सात जण गेल्यावरही 4.3 च आहे. आपल्याला शंका असल्यास स्वतः हिशेब करून पाहावा.

आणखी एक गोष्ट मला नमूद करणे भाग आहे. पन्नास पाच-तारांकित अभिप्राय विकत देतो असे सांगणारा फोन आम्हाला वर्षात तीन-चार वेळा येतो, आणि आम्ही प्रत्येक वेळी नाही म्हणतो. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत, याविषयी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये मानक काढले, हेही मुलाने सांगितले. पण नको ते करू नये, हे कळायला आम्हाला त्याची गरज नव्हती. आपला अभिप्राय काढून टाकण्याचा अधिकार मला नाही. फार तर गूगलकडे तक्रार करता आली असती, आणि ती मी केलेली नाही, कारण चादरीचा रंग गेला हे खरे आहे. पण आपले लिखाण वाचून लातूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने लग्नाच्या चादरींची मागणी देण्याआधी 'रंग जाईल का' असे विचारले. वीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारले नव्हते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तरी बाहेरचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो. अशा दिवसांत अस्सल माल विकणाऱ्याला लबाड म्हणताना आपण एकदा फोन करून माझ्याशी बोलला असतात, तर बरे झाले असते.

रंगाईवाल्यांशी आमचे बोलणे झाले आहे आणि प्रत्येक चादरीसोबत धुण्याच्या सूचनेची चिठ्ठी देण्याचाही विचार आहे. यात्रेच्या दिवसांत गल्ल्यावर एक माणूस वाढवता येतो का, तेही पाहू.

आपण लिहिलेल्या नावाने आमच्या वहीत बिल सापडले नाही, कदाचित ते घरातील दुसऱ्या कोणाच्या नावाने केलेले असेल. बिल असल्यास सोबत आणावे, नसले तरी चालेल. चादर आणि दोन्ही शर्ट मात्र आणावेत. चादर बदलून देऊ आणि शर्टांचे काय ते समोर बसून ठरवू. दुकान सकाळी दहा ते रात्री नऊ उघडे असते. दुपारी दोन ते चार मी जेवायला घरी जातो, त्या वेळी गल्ल्यावर सूनच असते. तिला मी सांगून ठेवले आहे. तिच्याशी कृपया सौम्यपणे बोलावे.

आपला नम्र,
दुकानाचा मालक, सोलापूर