स्कीमा टाकला की १५ दिवसांत पहिला नंबर म्हणे

गेल्या दोन आठवड्यांत तोच एक मेसेज मला पाच जणांनी पाठवलाय, त्यातल्या तिघांनी 'हे खरंय का रे?' म्हणून आणि दोघांनी 'आपल्या साइटवर हे का नाही केलंस?' म्हणून, आणि त्या दोघांना फोनवर समजावता समजावता माझा घसा बसलाय. त्यामुळे एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

मेसेज थोडक्यात असा. गूगलला तुमची वेबसाइट कळतच नाही, स्ट्रक्चर्ड डेटा म्हणजे स्कीमा टाकला की कळते. खालचा कोड जसाच्या तसा प्रत्येक पानावर चिकटवा, फक्त नाव आणि फोन बदला. जितके जास्त प्रकार टाकाल तितकं चांगलं. स्टार येतील, एफएक्यू (म्हणजे नेहमीचे प्रश्न-उत्तरं) येतील, ट्रॅफिक ८२ टक्के वाढेल 'असं गूगलनेच सांगितलंय', १५ दिवसांत पहिल्या पानावर, आणि आता एआयच्या उत्तरांत तर फक्त स्कीमावाल्याच साइट दिसतात. एकदा केलं की परत बघायला नको. मग तो कोड, आणि त्याखाली 'पूर्ण सेटअपसाठी संपर्क करा'. ते तर असणारच.

आधी हे प्रकरण आहे काय ते सांगतो, कारण मेसेजमध्ये त्याचं नाव दहादा आलंय आणि अर्थ एकदाही नाही. पानावर 'सोम ते शनि १० ते ७' असं लिहिलं की माणसाला कळतं ही उघडं असण्याची वेळ आहे. मशीनला तीच गोष्ट ठरलेल्या नावांनी सांगायची, हे व्यवसायाचं नाव, हा पत्ता, ही वेळ, ही वस्तूची किंमत, म्हणजे त्याला अंदाज बांधत बसायला नको. ही नावं कोणती वापरायची त्याची सगळ्यांची मिळून एक यादी आहे, स्कीमा डॉट ऑर्ग, गूगल, बिंग आणि याहू यांनी ती जून २०११ मध्ये काढली आणि त्याच वर्षी यांडेक्स हे रशियन सर्च इंजिनही त्यात आलं. लिहायच्या पद्धती तीन, मायक्रोडेटा, आरडीएफए आणि जेसन-एलडी. गूगल म्हणतं जमलं तर जेसन-एलडी वापरा, कारण तो स्क्रिप्ट टॅगमध्ये वेगळा पडून राहतो, पानाच्या बाकी एचटीएमएलमध्ये हात घालावा लागत नाही. बस, एवढंच. डब्यावर चिठ्ठी चिकटवण्यासारखं आहे हे, चिठ्ठी चिकटवली म्हणून आतला माल बदलत नाही.

आता एकेक मुद्दा घेऊ.

'गूगलला साइट कळतच नाही' हे तर सोडूनच द्या. २०११ च्या आधी काय सर्च बंद होतं का? मजकूर, हेडिंग, टायटल, लिंक हे सगळं वाचूनच ते चालतं, आजही. चिठ्ठीचा उपयोग होतो तो जिथे घोळ होऊ शकतो तिथे, म्हणजे तुमच्या नावाचे आणखी चार व्यवसाय आहेत, किंवा रिझल्टमध्ये साइटचं नाव भलतंच दिसतंय, तेव्हा होमपेजवर वेबसाइट आणि ऑर्गनायझेशन हे स्कीमाचे दोन प्रकार नीट भरले तर फायदा आहे. पण 'कळतच नाही' आणि 'जरा जास्त स्पष्ट कळतं' यात फरक आहे की नाही?

आता मुख्य थाप, रँक. गूगलच्या लोकांनी, म्हणजे जॉन म्यूलर वगैरेंनी, कितीतरी वेळा सांगून झालंय की नुसता स्कीमा आहे म्हणून सरसकट रँक वाढत नाही. त्याने मिळते ती पात्रता. कशाची, तर रिझल्ट जरा सजून दिसण्याची, किंमत, स्टॉक, स्टार, फोटो, त्याला रिच रिझल्ट म्हणतात. आणि तीही नुसती पात्रता हां, हमी नाही, गूगलच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की कोड अगदी बिनचूक असला, त्यांच्या टेस्ट टूलमध्ये हिरवा टिक आला, तरी दिसेलच असं नाही. लोक तो हिरवा टिक स्क्रीनशॉट काढून मिरवतात. अहो, तो फॉर्म बरोबर भरल्याचा टिक आहे, अर्ज मंजूर झाल्याचा नाही.

मग ते ८२ टक्के आले कुठून? तर ते अगदी हवेतलं नाहीये, आणि म्हणूनच जास्त डोक्यात जातं. गूगलच्या स्ट्रक्चर्ड डेटाच्या ओळखीच्या पानावर काही कंपन्यांचे अनुभव दिलेत, त्यात नेस्लेचा असा आहे की त्यांची जी पानं रिच रिझल्ट म्हणून दिसतात त्यांचा क्लिक-थ्रू रेट बाकीच्या पानांपेक्षा ८२ टक्के जास्त आहे. तिथेच रॉटन टोमॅटोजचा आकडा २५ टक्के आहे. आता नीट वाचा, क्लिक-थ्रू रेट. म्हणजे ज्यांना यादीत तुम्ही दिसलात त्यातल्या किती जणांनी क्लिक केलं. तुम्ही कितव्या नंबरला दिसलात ते हा आकडा सांगत नाही, आणि एकूण ट्रॅफिक ८२ टक्के वाढला असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही. शिवाय तुलना एका पानाची दुसऱ्या पानाशी आहे, आणि ज्या पानांना रिच रिझल्ट मिळतो ती मुळातच जरा बरी पानं असू शकतात. तर क्लिकचा आकडा उचलून तो ट्रॅफिकला चिकटवला, तिथून तो रँकला चिकटला, आणि फॉरवर्ड होत होत '१५ दिवसांत पहिलं पान' झालं.

आणि तरी कोणाला शंका असेल तर शिक्षा काय होते ते बघा. स्कीमामध्ये फसवाफसवी सापडली तर गूगल मॅन्युअल ॲक्शन घेतं, म्हणजे त्यांचा माणूस तपासून कारवाई करतो, आणि त्या ॲक्शनमध्ये काय जातं? त्या पानाची रिच रिझल्टची पात्रता जाते. साध्या सर्चमधल्या रँकला त्याने धक्का लागत नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. शिक्षा कुठल्या खात्यातून होते त्यावरून मामला कुठल्या खात्यातला आहे ते कळायला हवं ना.

'पण माझ्या ओळखीच्याचा नंबर वर आला' हे मला दर वेळी ऐकवलं जातं. आला असेल. स्कीमा टाकताना त्याच आठवड्यात टायटल बदलली होती का, पानं नव्याने लिहिली होती का, साइट फास्ट केली होती का, आणि नंबर बघितला तो स्वतःच्या फोनवरून स्वतःच्याच ऑफिसात बसून का? जवळचं काही शोधलं की लोकेशनप्रमाणे रिझल्ट बदलतात, स्वतःच्या दारात उभं राहून बघितलं तर सगळेच पहिले. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, ॲव्हरेज पोझिशन आणि क्लिक या दोन वेगळ्या रेषा आहेत, कोड टाकण्याआधीच्या २८ दिवसांच्या आणि नंतरच्या २८ दिवसांच्या रेषा शेजारी-शेजारी ठेवा आणि मग बोला.

एक मात्र मान्य करतो, नाहीतर म्हणाल हा उगाच विरोधासाठी विरोध करतोय. काही ठिकाणी स्कीमाने खरंच दार उघडतं. नोकरीची जाहिरात तुमच्याच साइटवर असेल तर गूगलच्या नोकऱ्यांच्या त्या वेगळ्या चौकटीत थेट तुमचं पान दिसायला जॉब पोस्टिंगचा कोड लागतो. ऑनलाइन विक्री असेल तर प्रॉडक्टचा कोड, किंमत, चलन, स्टॉकमध्ये आहे की नाही, हे सगळं कामाचं आहे. पण मेसेज हे सांगतच नाही, तो सगळ्यांना एकच औषध देतोय.

एफएक्यू. हे वाचून तर मी हसलोच. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की एफएक्यूचा तो उघडझाप होणारा रिझल्ट आता फक्त नावाजलेल्या, अधिकृत सरकारी आणि आरोग्यविषयक साइटनाच दाखवणार. हाउ-टू, म्हणजे एखादी कृती पायरीपायरीने दाखवणारा रिझल्ट, तर त्याच्या पुढच्या महिन्यात पूर्णच बंद केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझल्टमध्ये साइटखाली दिसणारा सर्च बॉक्स गेला, जून २०२५ मध्ये आणखी सात प्रकार काढत असल्याचं सांगितलं. म्हणजे ज्याने हा मेसेज लिहिलाय त्याने एखादा जुना लेख उचलून वर्ष बदललंय, आणि लोक बिचारे आज रात्री जागून प्रत्येक पानाखाली दहा-दहा प्रश्न लिहितायत जे एकाही ग्राहकाने कधी विचारलेले नाहीत. प्रश्न खरेच येत असतील तर पानावर जरूर लिहा, वाचणाऱ्याला उपयोग होतो, पण रिझल्टमध्ये उघडेल म्हणून लिहू नका.

आणि स्टार. हा सगळ्यात वाईट भाग. मेसेजमधला कोड मी उघडून बघितला, त्यात लोकल बिझनेस या प्रकाराच्या पोटात एग्रिगेट रेटिंग, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी, आहे, रेटिंग ४.९, रिव्ह्यूंची संख्या ३२७. सगळ्यांना ४.९, सगळ्यांना ३२७! कालच साइट सुरू केली त्यालाही ३२७ लोकांनी वाखाणलंय. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. एक तर हे चालतच नाही, सप्टेंबर २०१९ पासून गूगल लोकल बिझनेस आणि ऑर्गनायझेशन या प्रकारांना स्वतःच्याच साइटवर स्वतःबद्दल टाकलेल्या रेटिंगचे स्टार दाखवत नाही, मग ते कोडमध्ये लिहा नाहीतर बाहेरचं विजेट लावा. आणि दुसरं म्हणजे जे पानावर माणसाला दिसत नाही ते कोडमध्ये सांगायचं नाही हा नियम आहे, आणि जे मुळात घडलंच नाही ते सांगणं म्हणजे सरळ खोटं. मॅन्युअल ॲक्शन येते ती अशानेच. मॅपवर दिसणारे स्टार वेगळे, ते गूगलवरच्या तुमच्या बिझनेस प्रोफाइलवरच्या खऱ्या रिव्ह्यूंचे, त्यांचा तुमच्या साइटवरच्या कोडशी काही संबंध नाही.

'जसाच्या तसा चिकटवा' यातली गंमत ऐका. त्या पाचांतल्या एकाने खरंच चिकटवला होता. टेस्ट टूलमध्ये टाकलं, तर काहीच सापडलं नाही म्हणून आलं. मी सोर्स उघडला, वरवर बघता सगळं ठीक, कंस ठीक, स्वल्पविराम ठीक. मग फॉन्ट मोठा करून बघितलं तर अवतरणचिन्हं वाकडी! जेसनला सरळ दुहेरी अवतरणचिन्हं लागतात, आणि हा कोड कोणाच्या तरी नोट्समधून मेसेजमध्ये, मेसेजमधून डॉक्युमेंटमध्ये असा फिरत आला होता, वाटेत कुठेतरी सॉफ्टवेअरने ती सुंदर गोलाकार करून टाकली. पहिल्याच चिन्हाला वाचणारा अडखळला आणि पुढचं सगळं वाया. पानावर काही बिघडलेलं दिसत नाही त्यामुळे मालक खूश, तीन आठवडे 'स्कीमा टाकलाय, आता वर येईल' म्हणून वाट बघत होता. तसं त्याचं नशीबच म्हणायचं, ते ४.९ पण वाचलं गेलं नाही.

जास्त प्रकार म्हणजे जास्त फायदा, तर स्कीमा डॉट ऑर्गवर आठशेच्या वर प्रकार आहेत, गूगल रिच रिझल्टसाठी त्यातले मोजकेच वापरतं. बाकीचे टाकले तर बहुतेक वेळा नुकसान नाही, पण उपयोगही नाही. नुकसान होतं ते ढिगाऱ्यामुळे. एका साइटवर मला लोकल बिझनेसचे तीन ब्लॉक सापडले, एक थीमने टाकलेला, एक प्लगिनने, एक आधीच्या कोणीतरी हाताने. बंद व्हायची वेळ एकात ७, एकात साडेआठ, आणि थीमवाल्यात डेमोचा पत्ता तसाच, फोन नंबर १२३४५६७८९०. आता मशीनने विश्वास कोणावर ठेवायचा? मी दोन उडवले, तिसरा नीट केला. लोकल बिझनेसला सक्तीचे रकाने दोनच आहेत, नाव आणि पत्ता, त्यात वेळ, फोन, वेबसाइट, लोकेशन घातलं की बहुतेकांचं काम झालं. नंतर त्या साइटची पोझिशन वाढली का? नाही. होती तिथेच राहिली, आणि मी मालकाला आधीच तसं सांगितलं होतं.

एआयचं थोडक्यात. गूगलने आपल्या एआय ओव्हरव्ह्यू आणि एआय मोडबद्दल, म्हणजे सर्चमध्ये एआयने दिलेल्या उत्तरांबद्दल, लिहिलंय की त्यात यायला कुठला खास स्कीमा लागत नाही, पान इंडेक्स झालेलं, म्हणजे गूगलच्या नोंदीत आलेलं हवं आणि स्निपेट, म्हणजे रिझल्टमधला मजकुराचा छोटा तुकडा, दाखवण्याजोगं हवं. बिंगकडून असं म्हटलं गेलंय की स्कीमाने त्यांच्या मॉडेलना मजकूर समजायला मदत होते. होत असेल, मला पटतं. पण 'मदत होते' याचं 'फक्त स्कीमावाल्याच दिसतात' कोणी केलं?

राहिलं 'एकदा केलं की बघायला नको'. उलट आहे. पानावर किंमत बदलली आणि कोडमध्ये जुनीच राहिली, स्टॉक संपला तरी कोड म्हणतोय आहे, भरून झालेली नोकरी अजून चालूच, हे सगळं कोड हाताने चिकटवला की होणारच. जमलं तर कोड त्याच डेटाबेसमधून येऊ द्या जिथून पानावरचा मजकूर येतो. नाहीतर वेळ बदलली की कोड बदलायचा हे कोणाच्या तरी कामाच्या यादीत नावानिशी लिहा.

आणि ज्यांनी तो मेसेजमधला कोड आधीच चिकटवलाय त्यांनी घाबरू नका. सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शनचं पान आहे, तिथे काही आलंय का बघा. आलं असेल तर खोटं काढून रिव्ह्यूसाठी विनंती टाकता येते. काही आलं नसलं तरी तो ४.९ आणि ३२७ वाला भाग आजच काढा, एफएक्यू वगैरे बाकीचं सावकाश बघू. आणि फोन शक्यतो उद्या करा रे, आवाज खरंच गेलाय.