गोल बटण आणि पितृपक्ष

सप्टेंबर 2025. शनिवारी रात्री सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि सोमवारी सकाळी सव्वानऊला, चहा अजून ओठाला लागायचा होता, तेवढ्यात कोल्हापूरहून आमच्या सेल्समधल्या दादांचा फोन.

"ताई, सेव्हचं बटण गोल झालंय."

मी पुण्यात बसून आमच्या ठिबक सिंचनवाल्या कंपनीचं सीआरएम सांभाळते. म्हणजे कोणत्या गिऱ्हाइकाला कोण कधी भेटलं, काय ठरलं, ही खतावणी संगणकात नीट ठेवायची. आमचं सॉफ्टवेअर वर्षातून तीनदा कात टाकतं आणि दरवेळी ऋतूचं नाव लावून येतं. 'समर' येतो जूनमध्ये, आपण छत्र्या बाहेर काढल्यावर. 'विंटर' येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, घामोळ्यांसकट. सोबत शेकडो पानांची पोथी. तिचं पारायण मी एकटीनं करायचं, आणि प्रसादाला हे असे फोन.

"चौकोनी होतं, त्याचे कोपरे गोल केलेत फक्त. दाबा तुम्ही."

"आत्ता न्हाई दाबत."

"का हो?"

"पितृपक्ष हाय न्हवं. नव्या वस्तूला हात लावत न्हाई मी. आणि अपडेट पितृपक्षात? कुणी काढला हा मुहूर्त?"

दादा सेल्समध्ये सत्तावीस वर्षं आहेत. बँकेनं फुकट दिलेली लाल डायरी हेच त्यांचं खरं सीआरएम. कुणाच्या मुलीचं लग्न कधी, कोण अमावस्येला पैसे देत नाही, कुणाच्या भावकीचा वाद कोर्टात आहे, सगळं त्यात. आमच्या सॉफ्टवेअरात मात्र गिऱ्हाइकाच्या मोबाइलच्या रकान्यात दहा वेळा एक. 'चौकशी कुठून आली' या रकान्यात 'मेव्हणा'. मग मी तो रकाना दिलेल्या यादीतूनच निवडायचा केला. तेव्हापासून दादांची सगळी गिऱ्हाइकं 'इतर' मधून येतात. दहा एकांसाठी नियम घातला, तर दुसऱ्या दिवशी दहा नऊ.

"बरं, तुम्ही दाबू नका," मी म्हटलं. "मी इथून तुमच्या नावानं लॉगिन होते आणि सेव्ह करते."

पलीकडं शांतता.

"म्हणजे तुम्ही माझ्या अंगात येता?"

आता यावर काय बोलणार? तांत्रिकदृष्ट्या माणूस बरोबर होता. ॲडमिनला, म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला, ती सोय असते. दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याला दिसतं तेच बघता येतं.

"परत जाताना नीट जाता न्हवं? न्हाईतर माझा महिन्याचा टूरचा खर्च तुमच्या हातानं पास व्हायचा."

"दादा, सगळ्याची नोंद राहते."

"किती दिवस?"

"सेटिंगमधल्या बदलांची 180 दिवस."

"हात्तिच्या! आमच्या घरात 1998 च्या लग्नातला मानपान अजून निघतोय."

मला हसू आलं, पण रागही होता, आणि तो दादांवर नव्हता. खरं सांगायचं तर त्या पोथीत माझ्या कामाचं बरंच होतं. एखाद्याला एखादी गोष्ट दिसते ती कोणत्या परवानगीमुळे, हे हल्ली एका पानावर कळतं. पूर्वी त्यासाठी मी अर्धा दिवस परवानग्यांची प्रोफाइलं उपसत बसायची. कामं आपोआप करून घेणाऱ्या जुन्या वर्कफ्लो रूल्सचा आणि प्रोसेस बिल्डरचा आधार 31 डिसेंबर 2025 ला संपणार होता, म्हणून त्यातलं सगळं 'फ्लो' या नव्या साधनात हलवायला मी तीन शनिवार घातले. अपडेटच्या आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या प्रतीत, रात्री बसून एकेक फॉर्म तपासला. त्या रात्री कुणी विचारलं नाही की जेवलीस का. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब काय म्हणाले? "या वेळी बटण कुणी गोल केलं?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी केलेलं नाही हो! सातासमुद्रापलीकडच्या कुण्या डिझायनरला कोपरे टोचले असतील, त्याचं पाप माझ्या माथी. गाडी नीट चालली की ड्रायव्हर कुणाला आठवत नाही, खड्ड्यात आदळली की लगेच त्याचं नाव विचारतात.

साहेबांचा दुसरा प्रश्न: कोल्हापूरच्या नोंदी का थांबल्या? पितृपक्ष, असं मी सांगणार कसं? 'युजर ॲडॉप्शन इश्यू', म्हणजे माणूस सॉफ्टवेअर वापरत नाही, असं म्हटलं. लगेच मला दादांचं ट्रेनिंग घ्यायला सांगितलं. ऑनलाइन, दीड तास. दादा कॅमेऱ्यासमोर डायरी उघडून बसले.

"ताई, ट्रेनिंग राहू दे. 22 तारखेपर्यंत एकबी संच विकला जात न्हाई, लिहून घ्या. ठिबकवरचा जीएसटी 12 चा 5 होतोय त्या दिवशी. आत्ता घेणारा येडा का? आणि घटस्थापना बी त्याच दिवशी."

माझ्या डॅशबोर्डवर कोल्हापूरच्या पुढं लाल बाण होता आणि 'लक्ष द्या' अशी सूचना. कारण मात्र त्या लाल डायरीत होतं. 12 चा 5 करायचा रकानाही मीच बदलायचा होता, आणि तो 21 च्या रात्री बारा वाजता मीच बदलला. झोपायला दीड वाजला.

22 ला सकाळी पावणेसातला फोन वाजला. मागं घंटा ऐकू येत होती.

"ताई, घट बसला. आता सांगा, ते गोल बटण कुठं हाय?"