नवतपा लागला म्हणून बीपीची गोळी सुटत नाही

दोन आठवड्यांपूर्वी भर दुपारी आमच्या गल्लीतले एक काकाजी दुकानात आले. डोक्याला ओला दुपट्टा, हातात मोबाइल. दर महिन्याच्या गोळ्या घ्यायला आले असतील म्हणून मी पाकीट काढलं, तर म्हणाले, "दोन महिने मले काही देऊ नको, बाप्पा. हे वाच."

मेसेज माझ्याकडेही तीन ग्रुपवरून येऊन गेला होता. मजकूर असा: उन्हाळ्यात रक्तवाहिन्या पसरतात, बीपी आपोआप उतरतं, म्हणून मार्च ते जून बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या बंद ठेवा. रोज पाच लिटर पाणी, शिवाय ओआरएस आणि नारळपाणी प्या, कुणालाही चालतं. इन्सुलिन बर्फात ठेवा. ऊन लागलं तर पॅरासिटामॉल घ्या. घाम येतोय तोवर उष्माघात होत नाही. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

अकोल्यात औषधाचं दुकान चालवतो, मे महिन्यात पारा 45 च्या आसपास रेंगाळताना काउंटरवर उभा असतो. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलतो.

"बीपी आपोआप उतरतं." हे खरं आहे, आणि बाकीचा मेसेज याच खरेपणाच्या जोरावर खपतो. उन्हात कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, वरचा आकडा काही अंकांनी खाली येतो. काहींचा इतका येतो की खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांचा डोस डॉक्टर खरोखरच कमी करतात. पण ज्याचं 160 वरून गोळीने 130 झालंय, त्याचं उन्हाने आणखी पाच-सात उतरलं म्हणून गोळी सोडली, तर हिशेब कुठे जुळतो? त्यातही औषध घेणाऱ्या वयस्कर माणसांत गरमीच्या दिवसांत दिवसाचं बीपी कमी आणि रात्रीचं उलट वाढलेलं आढळलंय. दुपारी मोजून खूश होणाऱ्याला ते कळायचंही नाही.

सगळ्या गोळ्या एकसारख्या सुटतही नाहीत. टेल्मिसार्टन सोडली तर दोन-चार दिवस काहीच जाणवत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोल मात्र एकदम तोडली तर धडधड वाढते, हृदयविकार असलेल्याला छातीत कळ येऊ शकते, झटकाही येऊ शकतो. क्लोनिडीन तोडली की एक-दोन दिवसांतच बीपी उसळी मारतं.

"लघवीच्या गोळ्या बंद ठेवा." आधी आपण ती घेतो की नाही हे तरी माहीत हवं! पाकिटावर बीपीच्या गोळीच्या नावामागे "एच" किंवा "सीटी" लिहिलेलं असतं ना, तीच ती. बीपीच्या औषधातच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. काउंटरवर दहा जणांना विचारा, नऊ जण म्हणतील, आपली फक्त बीपीची आहे. उन्हाळ्यात ही गोळी त्रास देऊ शकते हे खरं, शरीरातलं पाणी आणि सोडियम दोन्ही घटतं आणि म्हातारी माणसं गळून जातात, कधी असंबद्ध बोलायला लागतात. पण हृदय कमजोर असलेल्याने फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड आपल्या मनाने बंद केली, तर पायावर सूज चढते आणि रात्री उशीला टेकून बसायची वेळ येते. त्याने रोज सकाळी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन लावावा, ग्रुपवर विचारत बसू नये.

इथे एक गोष्ट मेसेजात नाही आणि मी रोज पाहतो. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी चालू, सोबत लघवीची गोळी, उन्हाने अंगातलं पाणी आटलेलं, आणि गुडघे दुखतात म्हणून वरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन. या तिकडीने किडनी पार बसू शकते. "एक कंबरदुखीची द्या" म्हणत येणाऱ्याला मी आधी बाकीच्या गोळ्या विचारतो. लोक चिडतात, चिडोत.

"पाच लिटर पाणी, ओआरएस, नारळपाणी कुणालाही चालतं." नाही चालत. डायलिसिसवर असलेल्याला, हृदय कमजोर असलेल्याला पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. किडनी मंदावलेली असेल आणि टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अडवून धरणारी लघवीची गोळी) चालू असेल, तर ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. ओआरएसच्या एक लिटरमध्ये 2.6 ग्रॅम मीठ असतं. उलट्या-जुलाबात, शेतात घाम गाळून आलेल्याला ते वरदान आहे, पण कूलरपुढे बसून सरबतासारखं पिणाऱ्या बीपीच्या माणसाला त्याची गरज नसते. मधुमेह असेल तर पन्ह्यातला गूळही मोजा.

"इन्सुलिन बर्फात ठेवा." मागच्या उन्हाळ्यात एक ताई फ्रीजरमधली बाटली घेऊन आल्या, बर्फाचा पापुद्रा अजून चिकटलेला. वितळल्यावर आतलं दुधी औषध काचेला रवाळ चिकटून राहिलं, हलवलं तरी एकजीव होईना. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, फेकावंच लागतं. आणि स्वच्छ पाण्यासारख्या इन्सुलिनमध्ये तर बिघाड डोळ्यांना दिसतही नाही. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची, म्हणजे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. चालू बाटली बहुतेक इन्सुलिनना 30 अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालते, नेमकं काय ते खोक्यावर छापलेलं असतं. आपल्याकडची खोली मे महिन्यात 30 ला कुठे असते म्हणा! फ्रीज नसेल, लाइन जात असेल, तर बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घट्ट बंद करून माठाच्या गारव्यात ठेवा, ती युक्ती चांगली आहे. उभ्या गाडीत मात्र पाच मिनिटंही नको.

शिवाय गरम अंगात इन्सुलिन लवकर भिनतं. दरदरून घाम, थरथर, गरगरणं हे उन्हाचंही असू शकतं आणि साखर उतरल्याचंही. आधी साखर मोजा. मोजायची सोय नसेल तर साखरपाणी द्या.

"ऊन लागलं तर पॅरासिटामॉल." जंतुसंसर्गात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेतो. पॅरासिटामॉल तो हुकूम मागे घ्यायला लावते. उष्माघातात मेंदूने हुकूम दिलेलाच नसतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. गोळी काय करणार? वेळ मात्र जातो. माणूस बरळतोय, झोकांड्या खातोय, अंग भट्टीसारखं तापलंय, तर 108 ला फोन करा, सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

"घाम येतोय तोवर उष्माघात होत नाही." उन्हात राबणारा मजूर घामाने निथळत असतानाही कोसळतो. आणि ज्यांचा घाम औषधानेच आटलाय त्यांचं काय? कंपवातावरची ट्रायहेक्झिफेनिडिल, नैराश्यावरची अ‍ॅमिट्रिप्टिलीन, सारखी लघवी लागू नये म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, इतकंच काय, सर्दीच्या गोळीतली क्लोरफेनिरामाइनसुद्धा घाम कमी करते. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी मेंदूचं तापमानाचं नियंत्रणच ढिलं पडतं, आणि त्या माणसाला आपण तापतोय हे जाणवत नाही. मानसिक आजारावरचंच लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी-मीठ घटलं की औषध रक्तात साचतं. हात जोरात कापणं, जुलाब, जीभ जड होणं, चाल डगमगणं ही त्याची लक्षणं. अशी औषधं घेणारी माणसं दुपारी कुठे आहेत, पाणी प्यायली का, हे दुसऱ्या कुणीतरी बघावं लागतं. तीही औषधं मनाने बंद करायची नाहीतच.

तर काकाजींना मी एवढंच म्हटलं, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. पाच मिनिटं बसून एकदा, उभं राहिल्यावर मिनिटभराने पुन्हा. परवा ते भिंतीवरच्या कॅलेंडरचं पानच फाडून घेऊन आले. दुधाच्या लिटरखाली बारीक पेन्सिलीने 118, 112, 108, आणि उभं राहून 86. डॉक्टरांना दाखवायला पाठवलं. संध्याकाळी नवी चिठ्ठी घेऊन परत आले. "एच" गेली होती, टेल्मिसार्टन तशीच, पंधरा दिवसांनी सोडियम-पोटॅशियमची तपासणी.

"मंजे मेसेज अर्धा खरा होता न?" काकाजी म्हणाले, आणि लगेच चष्मा चढवला. "थांब, ग्रुपवर टाकतो, एचवाली बंद करा म्हणून."

मी त्यांचा मोबाइल घेऊन काउंटरवर पालथा ठेवला.