लसूण भरितात घाल मावशी, नाकात नको

काल रात्री अमळनेरहून मावशीचा फोन. "पोऱ्या, मन्हा नाकनं हाड वाढनं शे, आते काय करू?" डोकं दुखतं म्हणून सीटी स्कॅन काढला, रिपोर्टात 'पडदा डावीकडे वाकलेला' आलं. त्यातच घरच्या ग्रुपवर मेसेज : हाड वाढलं की सायनस होणारच, पू मेंदूत चढतो, नाकपुडीत लसणाची पाकळी पंधरा मिनिटं ठेवा, पू बाहेर पडून हाड सरळ होईल.

आधी लसूण, कारण मावशीने तो सोलूनच ठेवला होता. पाकळी काढल्यावर धो धो वाहतं तो पू नाही. नाकात बूच मारलं की शेंबूड मागे तुंबतो, त्यात लसणाच्या तिखटाने आतली त्वचा चिडून आणखी पाणी सोडते. बूच काढलं की सगळं एकदम येतं. मिरची कुटतानाही नाक वाहतं, म्हणून ठेचा काही औषध ठरत नाही! उलट आत भाजतं, पाकळी अडकू शकते. आणि लसणाने हाड सरळ? ठीक आहे, पुढे जाऊ.

हाड 'वाढत' नाही. मधला पडदा कूर्चा आणि हाडाचा असतो, तो थोडाफार वाकडा बहुतेकांचा असतो. नाकात आतल्या बाजूला असलेल्या वळलेल्या हाडात, म्हणजे मधल्या शंखास्थीत, हवेची पोकळी असणंही नेहमीचंच. सर्जनला ऑपरेशनआधी नकाशा हवा म्हणून रिपोर्टात हे लिहितात. तो आजार नव्हे.

स्कॅनवर सूज दिसली म्हणजे सायनस, हेही नाही. 1988 साली हॅवस आणि सहकाऱ्यांनी 666 जणांचे सीटी स्कॅन तपासले, सायनसच्या तक्रारीसाठी न काढलेले. 42.5 टक्क्यांत सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या, अस्तरात काही ना काही बदल दिसलेच.

पडदा फारच वाकडा असेल तर नाक चोंदतं, ऑपरेशनने बरं वाटतं, हे मान्य. मेंदूपर्यंत संसर्ग जातो हेही खरं, पण क्वचित. डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागलं, मोठा ताप आला तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

जुनाट सायनस म्हणायला बारा आठवडे नाक चोंदणं किंवा घट्ट शेंबूड लागतो. मावशीला विचारलं. नाक मोकळं. वास? शेजारी वांगं भाजलं तरी कळतं. डोकं अर्धंच ठणकतं, उजेड सहन होत नाही, मळमळतं. हे तर मायग्रेनसारखं वाटतंय. म्हटलं, सोमवारी डॉक्टरांना आधी हे सांग, रिपोर्ट नंतर काढ.