‘चालवा, रुळेल’ म्हणे!

क्रॉलर घेतला की पहिल्याच आठवड्यात कोणी ना कोणी हा सल्ला देतंच: ‘नवी गाडी जडच फिरते. दोन-तीन बॅटऱ्या चालवा, रुळेल. नाही रुळली तर ग्रीस भरा, मेश जरा ढिला करा. वळताना अडकत असेल तर डिफ गेलं समजा. आणि तरीही चढत नसेल तर मोठी मोटर टाका.’ क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी, दगडांवरून रांगत चढणारी गाडी, बहुतेकांकडे १/१० मापाची. मेश म्हणजे दोन गिअरच्या दातांची पकड. डिफ म्हणजे डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. या सगळ्या सल्ल्यातलं जेमतेम अर्धं वाक्य खरं आहे.

सगळ्यात जास्त नुकसान ‘रुळेल’ने होतं. माझ्या पुतण्याने सुट्टीत किटमधून गाडी जोडली. गिअरबॉक्स हाताने फिरवला की काहीतरी घासल्यासारखा जड लागायचा. पठ्ठ्याने सल्ला ऐकला, चार बॅटऱ्या संपवल्या आणि मला फोन केला, ‘काका, रुळली!’ खरंच मोकळी झाली होती. पंधरा दिवसांनी मात्र मोटर फिरतेय आणि चाकं जागची हलत नाहीत. वर्तमानपत्र पसरून गिअरबॉक्स उघडला. ८ मिलिमीटरच्या स्क्रूच्या जागी त्याने १० मिलिमीटरचा पिळला होता. ते वरचं २ मिलिमीटरचं टोक आत डोकावत होतं आणि प्लॅस्टिकच्या गिअरच्या दातांवर त्याने गोल चर पाडला होता. ग्रीसमध्ये काळी भुकटी मिसळलेली. रुळली म्हणजे काय झालं होतं, तर स्क्रूने स्वतःपुरती वाट कोरून घेतली होती. उरलेले अर्धे दात भार पडल्यावर मोडले. सल्ला ‘लागू पडला’ असं दिसतं ते असं.

खरं असलेलं अर्धं वाक्य एवढंच: ब्रशवाल्या मोटरचे कार्बन ब्रश खरोखर रुळतात. नवे असताना त्यांचं तोंड कम्युटेटरच्या (मोटरच्या फिरत्या भागावरचा तांब्याचा गोल) गोलाईवर पूर्ण टेकत नाही. मोटर बाहेर काढून कमी व्होल्टेजवर बिनभाराची थोडा वेळ फिरवली की टेकतं. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीसही जरा पसरतं. पण एकाच ठिकाणी येऊन अडणं हे रुळण्याच्या खात्यात जात नाही. तिथे काहीतरी वाकडं, लांब किंवा घट्ट आहे.

ते शोधायला बॅटरी लागत नाही. उलट बॅटरी काढूनच ठेवा. क्रॉलरच्या ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ड्रॅग ब्रेक असतो, उतारावर गाडी घरंगळू नये म्हणून. स्विच चालू असताना चाक हाताने फिरवून ‘जाम आहे हो’ म्हणणारे मी तीन तरी पाहिलेत. त्यातला एक मीच.

गाडी एखाद्या डब्यावर ठेवा, चारही चाकं अधांतरी. आधी मोटर सोडवा, म्हणजे तिच्या चुंबकांचे झटके मध्ये येणार नाहीत. मग एक चाक सावकाश फिरवा आणि अडतं कुठे ते मोजा. चाकाच्या एका फेरीत एकदाच अडत असेल तर हब, चाकाची नट किंवा क्राउन गिअर (अॅक्सलमधला मोठा गिअर) तपासा. नट शेवटपर्यंत आवळली की हेक्स (चाकामागचा षटकोनी तुकडा) नकलला (चाक धरणारा, त्याच्यासोबत वळणारा भाग) घासतं, बेअरिंग दाबलं जातं. नट पाव फेरी सैल केली आणि चाक सुटलं, तर झालं काम. माझ्या अॅक्सलमध्ये क्राउनला ३८ दात आहेत, त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, पिनियनला, १३. म्हणजे चाकाच्या एका फेरीत ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून अॅक्सलपर्यंतचा दांडा) जवळजवळ तीन वेळा फिरतो. तेव्हा चाकाच्या फेरीत सहाएक हेलकावे लागले की संशय थेट शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे कोनातही फिरणाऱ्या सांध्यावर.

कारण क्रॉस कोनात असला की पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही. शाफ्टच्या एका फेरीत दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. ३० अंशांच्या कोनात वेग ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत हलतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात आणि दोन्हींचे शाफ्टवरचे काटे एका रेषेत ठेवतात, म्हणजे एकाची खोड दुसरा फेडतो. चिखल धुवायला शाफ्ट उपसला आणि परत घालताना पाव फेरी चुकली, की दोघं मिळून खोड दुप्पट करतात. मी हे पावसाळ्यात टेकडीवरून आल्यावर केलंय आणि आठवडाभर गिअरबॉक्सला शिव्या घातल्यात. ट्रकच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो शाफ्ट सोडण्याआधी खडूने खूण करतो.

अजून एक तपासणी राहतेच. स्प्रिंग काढून अॅक्सल वरपर्यंत दाबा आणि मग शाफ्ट फिरवा. लांबीला जास्त असलेला शाफ्ट सपाट टेबलावर मस्त फिरतो आणि दगडावर सस्पेन्शन दबलं की टोकाला टेकून पिनियनचं बेअरिंग ठेचतो.

आता ‘वळताना अडकते म्हणजे डिफ गेलं’. बहुतेक क्रॉलरमध्ये जायला डिफ असतंच कुठे? पुढचा आणि मागचा, दोन्ही अॅक्सल लॉक असतात. ट्रॅक्सॅस टीआरएक्स-४ सारख्या गाडीत डिफ आहे, तेही रिमोटवरून लॉक करता येतं. डावं-उजवं चाक २० सेंटिमीटर अंतरावर धरलं, तर अर्धं वर्तुळ वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा ६३ सेंटिमीटर जास्त जावं लागतं. १२ सेंटिमीटर व्यासाच्या टायरची ती दीड फेरीहून जास्त झाली. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, मग एकाला घसरावंच लागतं. फरशीवर ते घसरणं गचके देतं. तीच गाडी वाळूत वळवा, तक्रार गायब. पुढची चाकं जास्त वेगाने फिरवणारे ओव्हरड्राइव्ह गिअर बसवले असतील तर फरशीवर सरळ जातानाही ताण येतो.

चाकं अधांतरी ठेवून, स्टीअरिंग पूर्ण वळवून फिरवल्यावरही गचके येत असतील तर मात्र दोष आहे. नकलमध्ये बहुधा एकच क्रॉस असतो, त्याची खोड फेडायला जोडीदार नाही. ४० अंशांत वेग ०.७७ ते १.३१ पट हलतो, त्यापुढे काटे एकमेकांना टेकतात. रिमोटवर स्टीअरिंगचा एंड पॉइंट, म्हणजे चाकं किती वळायची त्याची मर्यादा, थोडा कमी करा. वळण दोन बोटं मोठं होईल, पण अॅक्सल शाबूत राहील.

ग्रीसबद्दल फार बोलायचं नाही. घासणाऱ्या स्क्रूला ग्रीस लावून तो आखूड होत नाही. आणि बेअरिंगमध्ये डब्ल्यूडी-४० मारलंत तर आतलं चांगलं ग्रीस धुऊन जातं. मेशचं म्हणाल, तर मोटरचं पिनियन आणि त्याला भिडणारा मोठा गिअर, म्हणजे स्पर, यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून लावा, पण आधी स्पर पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे लावा. ढिल्या जागी लावला की घट्ट जागी अडणारच. अंदाजाने ढिला केलात तर अडणं थांबेल आणि पुढच्या चढावर दात सोलले जातील.

राहिली मोठी मोटर. अडलेल्या गाडीत मोटर बॅटरीकडून जास्त करंट ओढते, म्हणूनच दहा मिनिटांत मोटरला हात लावता येत नाही. अशा गाडीत ताकद वाढवलीत तर ती अडलेल्या जागीच जाऊन पडते आणि साखळीतलं सगळ्यात किरकोळ काहीतरी तुटतं, चाकाच्या हेक्सची पिन किंवा शाफ्टचा क्रॉस. पुतण्याने त्या गिअरच्या जोडीला मोठी मोटरही मागवली होती. गिअर आणि ८ मिलिमीटरचे स्क्रू बसवल्यावर जुन्याच मोटरवर गाडी चढली. नवी अजून खोक्यातच आहे.