घर सुटण्याआधी दिलेली मदत वाया जाते का?

सध्या एक मजकूर ठिकठिकाणी पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: माणूस बेघर होतो तो स्वतःच्या व्यसनापायी, त्यामुळे त्याला आधी सल्ला देऊन काही साधत नाही, ज्यांना अशी मदत मिळते त्यांतले बहुतेक जण तिच्याविनाही घरातच राहिले असते, फुकटच्या मदतीने भाडे बुडवण्याची सवय लागते, म्हणून वस्तीपातळीवरची घरविषयक सल्ला केंद्रे बंद करून तो पैसा रस्त्यावर आलेल्यांच्या निवाऱ्यांवर खर्च करावा. शेवटची मागणी कनवाळू वाटते आणि म्हणूनच भली माणसेही हा मजकूर पाठवत राहतात. यातला एक मुद्दा वस्तुतः खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बाकीचे मुद्दे तपासले की टिकत नाहीत.

व्यसनापासून सुरुवात करू. दीर्घकाळ रस्त्यावर राहणाऱ्यांत व्यसन आणि मानसिक आजार यांचे प्रमाण जास्त आढळते, हे कोणी नाकारत नाही. मात्र रस्त्यावरचे जगणेच ही दोन्ही दुखणी वाढवते, हेही तितकेच खरे आहे. व्यसन हे मुख्य कारण असते, तर अमेरिकेत ज्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वर्षानुवर्षे सर्वाधिक राहिले, तिथेच लोकसंख्येच्या मानाने बेघरही सर्वाधिक दिसले असते. प्रत्यक्षात ते प्रमाण कॅलिफोर्नियात कितीतरी जास्त आहे, कारण तिथली भाडी सामान्य मिळकतीच्या आवाक्याबाहेर गेलेली आहेत. भाडे स्वस्त असेल तिथे व्यसनी माणूसही कसेबसे घर टिकवतो, आणि ते महाग असेल तिथे एका आजारपणाने निर्व्यसनी माणसाचे भाडे थकते.

सल्ल्याने काही साधत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा कोरडा उपदेश असतो. प्रत्यक्ष काम फार वेगळे असते. भाडे थकलेला माणूस सल्लागारापुढे येतो तो अनेकदा पाकिटांनी भरलेली पिशवी घेऊन, आणि त्यांतली निम्मी पाकिटे फोडलेलीसुद्धा नसतात, कारण प्रत्येक पाकिटात वाईट बातमीच असणार याची त्याला खात्री असते. पहिले काम म्हणजे ती सगळी फोडून तारखेप्रमाणे टेबलावर लावणे: हे नुसते स्मरणपत्र, ही घर सोडण्याची नोटीस, हे न्यायालयाचे समन्स. त्या ओळीत कधी असे पत्र निघते की, एक अर्ज वेळेत न भरल्यामुळे सरकारी भाडेसाहाय्य बंद पडले होते आणि थकबाकीचे मूळ तिथेच होते. कधी नोटिशीतली मुदतच चुकीची निघते. पुष्कळ भाडेकरूंना तर हेही ठाऊक नसते की नोटीस म्हणजे ताब्याचा हुकूम नव्हे. घर सोडायला नकार देणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी इंग्लंड किंवा जर्मनीसारख्या देशांत घरमालकाला न्यायालयातच जावे लागते. हे न कळल्यामुळे माणसे घाबरून नोटिशीच्या मुदतीतच बिऱ्हाड गुंडाळतात.

जर्मनीतला एक नियम इथे मुद्दाम सांगतो. भाडे थकल्याने घर खाली करण्याचा दावा दाखल झाला, तर न्यायालय ते स्थानिक समाजकल्याण यंत्रणेला कळवते. दावा बजावल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी भरली गेली, किंवा एखाद्या सरकारी यंत्रणेने ती भरण्याची हमी दिली, तर थकबाकीपोटी दिलेली तडकाफडकीची नोटीस निष्प्रभ ठरते. घरमालकाने तिच्या जोडीला नियमित मुदतीची दुसरी नोटीस दिली असेल, तर तिला मात्र हे संरक्षण मिळत नाही. दोन्ही नोटिसा समोर ठेवून हा फरक ओळखणारा आणि घरमालकाशी हप्त्यांची बोलणी करणारा माणूस वेळेत भेटला की नाही, यावर त्या कुटुंबाचे घर अवलंबून राहते. याला उपदेश कसे म्हणता येईल?

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. मदत मागणाऱ्यांतले बहुतेक जण तसेही बेघर झाले नसते, हे अभ्यासांतूनच दिसते. न्यूयॉर्कमध्ये घर जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबांना मदत करणाऱ्या, २००४ पासून चालणाऱ्या ‘होमबेस’ या कार्यक्रमाची चाचणी चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडीने झाली. सुमारे सव्वादोन वर्षांत या मदतीविना राहिलेल्या कुटुंबांपैकी १४.५ टक्के कुटुंबांना निवाऱ्यात रात्र काढावी लागली, मदत मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. म्हणजे शंभरातली पंचाऐंशी कुटुंबे या कार्यक्रमावाचूनही निवाऱ्याबाहेर राहिली. मजकूर लिहिणारा इथेच थांबतो. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की, निवाऱ्यात जाणाऱ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. शिकागोत मदतीसाठी फोन करणाऱ्यांना निधी शिल्लक असेल तरच पैसे मिळत, त्यामुळे तुलना आपोआपच शक्य झाली. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार निधी असताना फोन केलेल्यांचे निवाऱ्यात जाण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी होते. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत चिठ्ठ्यांच्याच पद्धतीने झालेल्या चाचणीत तातडीची आर्थिक मदत देऊ केलेल्यांत सहा महिन्यांत बेघर होण्याचे प्रमाण ८१ टक्क्यांनी कमी आढळले. शिकागो आणि सांता क्लारा इथे तपासली गेली ती पैशांची मदत, सल्ला नव्हे, हे नमूद करायला हवे. पण ती कोणाला आणि केव्हा द्यायची, हे ठरवायला पत्रे वाचणारे कोणीतरी लागतेच.

तेव्हा आक्षेपाचे खरे उत्तर केंद्रे बंद करणे हे नसून निवड सुधारणे हे आहे, आणि ती सुधारता येते. न्यूयॉर्कमध्येच संशोधकांनी दाखवून दिले की, आधी कधी निवाऱ्यात राहावे लागले का, नुकतीच घर सोडण्याची नोटीस आली का, अशा मोजक्या प्रश्नांवर आधारलेली पद्धत कर्मचाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त गरजू कुटुंबे अचूक हेरते.

सवयीच्या आक्षेपाला थोडक्यात उत्तर देता येते. वर सांगितलेली जर्मन सवलत एकदा वापरली की पुढची दोन वर्षे पुन्हा मिळत नाही. शिवाय थकबाकीची रक्कम जाते घरमालकाच्या हातात, त्यामुळे त्याचा न्यायालयीन खर्चही वाचतो आणि नवा भाडेकरू शोधेपर्यंत घर रिकामे ठेवण्याचा तोटाही.

निवाऱ्यांना पैसा हवाच, आणि तो सल्ला केंद्रांकडून काढून द्यावा लागणे हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट आहे. पण निवारा जे परत देऊ शकत नाही त्याकडेही पाहावे: मुलांची शाळा, कामावर पोहोचता येईल असे अंतर, मूल सांभाळणारी शेजारीण, पत्रे येण्याचा पत्ता. वेल्सने २०१४ च्या कायद्याने आणि इंग्लंडने २०१७ च्या कायद्याने हे ओळखले. इंग्लंडमध्ये पूर्वी घर जाण्याला २८ दिवस उरले असतील तेव्हाच माणूस ‘बेघर होण्याच्या धोक्यात’ धरला जाई. ती मुदत ५६ दिवस करण्यात आली, आणि ऑक्टोबर २०१८ पासून तुरुंग व ठरावीक रुग्णालय सेवांसारख्या यंत्रणांवर अशी व्यक्ती आढळल्यास, तिच्या संमतीने, स्थानिक गृहनिर्माण यंत्रणेला कळवण्याचे बंधन आले. मिळकतीपेक्षा भाडेच जास्त असेल तिथे हे ५६ दिवसही पुरत नाहीत, तिथे परवडणारी घरेच बांधावी लागतात. पण ज्याचे भाडेसाहाय्य एका न भरलेल्या अर्जामुळे थांबले आहे, त्याचा अर्ज भरून थकबाकीचे हप्ते ठरवायला तेवढे दिवस सहसा पुरतात.